घरातील ध्वनियंत्रणा आणि ‘अशुद्ध’ वीज : गुणगुण कुठून येते, उपाय कोणते?

भिलाई (छत्तीसगड) : रात्री उशिरा, रस्त्यावरची वर्दळ ओसरल्यावर ख्यालाची ध्वनिमुद्रिका लावावी आणि तानपुऱ्याचा पहिला झंकार उमटण्याआधीच स्पीकरमधून बारीक, अखंड गुणगुण ऐकू यावी, हा अनुभव देशभरातील असंख्य संगीतप्रेमींच्या परिचयाचा आहे. पोलादनगरी भिलाईसारख्या औद्योगिक शहरात तर या गुणगुणीचे खापर साहजिकच ‘कारखान्याच्या विजेवर’ फोडले जाते. त्यानंतर महागडे स्टॅबिलायझर, जाडजूड वीजवाहक केबल आणि तथाकथित ‘पॉवर कंडिशनर’ यांची खरेदी सुरू होते. बऱ्याचदा हजारो रुपये खर्च होऊनही गुणगुण जिथल्या तिथे राहते.

याचे कारण सरळ आहे. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजांपैकी बहुतेकांचे मूळ दूरच्या कारखान्यात नसून घरातच असते. दोन उपकरणांचे वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेले अर्थिंग, पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त चार्जर किंवा अ‍ॅम्प्लिफायरमधील जुना झालेला कपॅसिटर ही त्याची नेहमीची कारणे आहेत. त्यामुळे आधी निदान आणि मग खर्च, हाच क्रम योग्य ठरतो. या विषयाला आणखी एक गंभीर बाजू आहे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो ‘घरगुती उपाय’ सर्रास केला जातो, तो जिवावर बेतू शकतो.

‘अशुद्ध’ वीज म्हणजे काय?

भारतात घरगुती वीजपुरवठ्याचे प्रमाण २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असे आहे. म्हणजे विजेचा दाब सेकंदाला पन्नास वेळा एका गुळगुळीत तरंगासारखा वर-खाली होतो. प्रत्यक्षात तो इतका आदर्श नसतो. त्यातील दोष साधारणपणे पाच प्रकारांत विभागता येतात.

पहिला प्रकार दाबातील चढ-उताराचा. सायंकाळी वातानुकूलन यंत्रे सुरू झाली की दाब उतरतो आणि मध्यरात्रीनंतर तो चढतो. दुसरा प्रकार तरंगाचा आकार बिघडण्याचा. मूळ ५० हर्ट्झच्या तरंगात १५०, २५०, ३५० हर्ट्झ अशा त्याच्या पटीतील कंपनांची भेसळ होते. त्यांना हार्मोनिक म्हणतात. तिसरा प्रकार क्षणिक उसळीचा. वीज कडाडल्यावर किंवा मोठी मोटर बंद होताना क्षणार्धासाठी दाब प्रचंड वाढतो. चौथा प्रकार उच्च वारंवारतेच्या गोंगाटाचा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर आणि सौर इन्व्हर्टर हे विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून काम करतात आणि त्याचे अवशेष तारांवर सोडतात. पाचवा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणजे न्यूट्रल व अर्थिंगमधील दोष. काटेकोरपणे पाहिले तर हा विजेचा नव्हे, घरातील तारजोडणीचा दोष आहे. ध्वनियंत्रणेला सर्वाधिक त्रास मात्र त्याचाच होतो.

भिलाईची वीज आणि कारखान्यावरील आरोप

भिलाईचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद प्रकल्प उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रकल्पासोबत सेक्टरनिहाय वसाहत वसली. या वसाहतीतील वीजवितरणाची व्यवस्था दीर्घकाळ पोलाद प्रकल्पाच्याच यंत्रणेकडे राहिली असून शहराच्या अन्य भागांत छत्तीसगड राज्य वीज वितरण कंपनी पुरवठा करते. मुंबई-हावडा लोहमार्ग शहराला लागून जातो. त्यावरील गाड्या २५ हजार व्होल्टच्या एकफेजी विजेवर धावतात. शेजारच्या रायपूर परिसरात पोलाद वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत.

असे अवजड भार विजेच्या तरंगाचा आकार बिघडवू शकतात, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. रोलिंग मिलच्या मोटरींना वेगनियंत्रण देणारी रेक्टिफायर यंत्रे पाचवे, सातवे, अकरावे आणि तेरावे हार्मोनिक निर्माण करतात. भट्टीतील भार क्षणाक्षणाला बदलल्याने दिवे लुकलुकण्याचा प्रकारही घडतो. म्हणूनच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या ग्रिड-जोडणीविषयक नियमांत मोठ्या ग्राहकांसाठी हार्मोनिकच्या मर्यादा ठरवून देण्यात आल्या आहेत.

तरीही कारखान्यातून घरापर्यंत येताना या भेसळीच्या वाटेत अनेक अडथळे असतात. ११ हजार व्होल्टची वीज घरगुती दाबावर आणणाऱ्या वितरण रोहित्राची उच्चदाबाकडील बाजू त्रिकोणी जोडणीची असते. तिसरे, नववे यांसारखे तिनाच्या पटीतील हार्मोनिक ही जोडणी सहसा ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे घरातील तारेत तिसरे हार्मोनिक मोठ्या प्रमाणात आढळले, तर त्याचा उगम बहुधा त्याच रोहित्रावरील घरांत, म्हणजे गल्लीतील दूरचित्रवाणी संच, चार्जर आणि एलईडी दिव्यांत असतो. पाचवे आणि सातवे हार्मोनिक मात्र रोहित्रातून पुढे येऊ शकतात. थोडक्यात, मोजणी केल्याशिवाय एखाद्या घरातील गुणगुणीचा दोष कारखान्यावर टाकणे युक्त नाही. जालना, चंद्रपूर किंवा इचलकरंजीतील वाचकांनाही हेच लागू पडते.

सूक्ष्म गुणगुण एवढी का खटकते?

गुणगुण बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झ आणि त्यांच्या पटीतील असते. छोट्या स्पीकरमधून ५० हर्ट्झचा आवाज फारसा निघत नाही. त्यामुळे कानाला प्रामुख्याने १०० हर्ट्झ आणि त्यावरील पटी ऐकू येतात. आता याची सांगड रागसंगीताशी घालून पाहावी. पुरुष गायक ‘काळी एक’ या पट्टीत गात असेल, तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याच्या पहिल्या तारेवरील मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झचा. याच पट्टीतला तीव्र मध्यम साधारण ९७ ते ९८ हर्ट्झवर येतो. म्हणजे १०० हर्ट्झची गुणगुण तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या दरम्यान, कोणत्याही स्वरस्थानावर न बसणारी अशी पडते. पंचमाच्या तारेशी तिची गाठ पडली की सेकंदाला सुमारे चार डोलांचा आंदोलनाचा भास होतो. दणदणीत वाद्यवृंदात ती लपून जाते, आलापीच्या शांततेत मात्र उघडी पडते. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयामुळे १९५६ पासून संगीतशिक्षणाची परंपरा लाभलेल्या या प्रदेशातील श्रोत्याला ती खटकावी, हे ओघानेच आले.

आकड्यांतही हेच दिसते. घरगुती उपकरणांमधील जोडणीतून जाणारा ध्वनिसंकेत साधारण ३१६ मिलिव्होल्ट या पातळीभोवती असतो. त्यात अवघ्या एका मिलिव्होल्टची गुणगुण मिसळली, तरी ती संगीताच्या केवळ ५० डेसिबल खाली राहते आणि शांत खोलीत कानाला जाणवते. ध्वनिमुद्रिका वाजवणाऱ्या टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा संकेत तर जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो. म्हणून इतर सर्व साधने शांत असतानाही टर्नटेबल गुणगुणते. त्यासोबत येणारी बारीक अर्थिंगची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या मागील ‘ग्राउंड’ लिहिलेल्या स्क्रूला जोडलेली आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे.

आवाजावरून निदान

पैसा खर्च न करता घरच्या घरी करता येण्याजोग्या काही चाचण्या आहेत. त्या क्रमाने केल्यास कारण बहुतेक वेळा सापडते.

एक : आवाज स्पीकरमधून येतो की अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतून, हे कान लावून ठरवावे. पेटीच घुमत असेल, तर तो आतील ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक आवाज असतो. घरात हेअर ड्रायर किंवा तत्सम उपकरण निम्म्या क्षमतेवर सुरू असताना घुमणे वाढत असेल, तर वीजतरंगाचा वरचा आणि खालचा भाग असमान झाल्याचे ते लक्षण आहे. वर्तुळाकार गाभ्याचे, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर याबाबतीत विशेष संवेदनशील असतात.

दोन : आवाजाची खुंटी फिरवून पाहावी. खुंटीबरोबर गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर दोष त्याआधीच्या साधनांत किंवा जोडणीत आहे. ती बदलत नसेल, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढील टप्प्यात किंवा त्याच्या वीजपुरवठा विभागात असण्याची शक्यता अधिक. १५-२० वर्षे जुन्या संचात मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर क्षीण होऊन १०० हर्ट्झची घरघर सुरू होते. तिथे बाहेर बसवलेल्या कोणत्याही फिल्टरचा उपयोग होत नाही, कपॅसिटरच बदलावे लागतात.

तीन : अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याला जोडलेली सर्व साधने काढावीत आणि मग तो पुन्हा सुरू करावा. गुणगुण गेली, तर एकेक साधन परत जोडत जावे. ज्या साधनाबरोबर ती परतते, तिथे अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे ‘ग्राउंड लूप’चा संशय घ्यावा. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, डिशची तार आणि चार्जर लावलेला लॅपटॉप हे यातील नेहमीचे साधन-सोबती. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवताच आवाज थांबला, तर निदान झाले असे समजावे.

चार : खरखर कर्कश असेल, तर घरातील पंख्यांचे रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर एकेक करून बंद करावेत. फिरत्या खुंटीचे जुन्या धाटणीचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्धतरंग मध्येच कापून पंख्याचा वेग कमी करतात. ही कापाकापी सेकंदाला शंभर वेळा होते आणि प्रत्येक वेळी तारेत बारीक झटका उठतो. टप्प्याटप्प्याने फिरणारे कपॅसिटर पद्धतीचे रेग्युलेटर तरंग कापत नसल्याने शांत असतात. उन्हाळ्यात भिलाईत पंखा बंद ठेवून गाणे ऐकणे अशक्यच. अशा वेळी काही शे रुपयांचा रेग्युलेटर बदलणे हा सर्वांत किफायतशीर उपाय ठरतो.

पाच : उच्च वारंवारतेचा गोंगाट शोधण्यासाठी बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ उपयोगी पडतो. तो मिडियम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावून घरभर फिरवावा. ज्या दिव्याजवळ, चार्जरजवळ किंवा सौर इन्व्हर्टरजवळ खरखर वाढते, ते उपकरण गोंगाट सोडत आहे. मुख्य पेटीतील एमसीबी एकेक करून बंद केल्यास कोणत्या शाखेत दोष आहे, तेही कळते.

अर्थिंगचा फेरा आणि जिवावरचा खेळ

दूरचित्रवाणी संच एका भिंतीवरील सॉकेटला आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरील सॉकेटला जोडलेला असेल, तर दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असू शकतो. ही दोन साधने ध्वनिवाहक केबलने जोडताच तिच्या बाहेरील वेष्टनातून त्या फरकाचा प्रवाह वाहू लागतो आणि तो संगीतात गुणगुण म्हणून मिसळतो. दोन मार्गांनी एकाच जमिनीला जोडले गेल्याने होणारा हा फेरा आहे.

तो तोडण्याचा सर्वाधिक प्रचलित आणि सर्वांत घातक मार्ग म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन काढणे, तिची तार कापणे किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लावणे. गुणगुण त्याने खरोखर थांबते आणि तिथेच फसगत होते. भारतीय मानकांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड ठेवण्यात आली आहे, ती सर्वांत आधी जुळावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेजची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर शाबूत अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहतो आणि एमसीबी तत्काळ पडतो. अर्थिंग तोडलेले असेल, तर एमसीबी पडत नाही आणि पेटी २३० व्होल्टवर ‘जिवंत’ राहते. तिला जोडलेल्या केबलच्या वेष्टनातून हाच दाब टर्नटेबलपर्यंत, हेडफोनपर्यंत आणि गायकाच्या हातातील मायक्रोफोनपर्यंत पोहोचतो. मानवी शरीरातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तरी पकड सोडवता येईनाशी होते. त्याच्या कित्येक पट प्रवाह २३० व्होल्टवर सहज वाहू शकतो. घरातील रियाजाला किंवा सोसायटीतील गणेशोत्सवाला मायक्रोफोन वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

फेरा तोडण्याचे सुरक्षित मार्ग उपलब्ध आहेत आणि ते महागही नाहीत. सर्व साधने एकाच सॉकेटवरील तीन पिनांच्या दर्जेदार पट्टीला जोडावीत, म्हणजे अर्थिंग एकाच बिंदूला मिळते. घरगुती ध्वनिसाधनांचा एकूण भार सहसा एका सॉकेटला पेलतो. मात्र इस्त्री, हीटर अशी उपकरणे त्या पट्टीवर लावू नयेत. दूरचित्रवाणीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेण्यासाठी ऑप्टिकल केबल वापरावी. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या टॉसलिंक या पद्धतीत संकेत प्रकाशाच्या रूपात जातो. धातूचा दुवाच नसल्याने तिथे फेरा तयार होत नाही. केबल टीव्हीच्या तारेसाठी विद्युत विलग करणारा छोटा आयसोलेटर आणि ध्वनिसंकेतासाठी ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर मिळतो. या सर्व उपायांत संकेताचा मार्ग विलग होतो, सुरक्षेचे अर्थिंग मात्र कायम राहते. हाच त्यातील कळीचा मुद्दा आहे.

पेटीला हात लावताच झिणझिण्या का येतात?

अनेक घरांत अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा संगणकाच्या धातूच्या भागावर हात फिरवल्यास हलक्या झिणझिण्या जाणवतात आणि टेस्टर लावला तर तो मिणमिणतो. आधुनिक वीजपुरवठा विभागांत गोंगाट जमिनीत वळवण्यासाठी फेज व न्यूट्रलकडून पेटीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर पेटीवर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब दिसतो. त्यातून वाहणारा प्रवाह साधारणतः एका मिलिअँपिअरपेक्षा कमी असल्याने इजा होत नाही. पण सॉकेटमधील अर्थिंग निकामी आहे, याची ती पूर्वसूचना असते. अशा घरात महागडा फिल्टर बसवूनही उपयोग शून्य, कारण फिल्टर जो गोंगाट वळवतो तो अर्थिंगमध्येच.

जुन्या वसाहतींमध्ये हा प्रश्न अधिक संभवतो. जमिनीत पुरलेली अर्थिंगची नळी कालांतराने गंजते, जोड ढिले होतात आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात जमिनीचा रोध वाढतो. त्यामुळेच मीठ-कोळसा भरलेल्या पारंपरिक अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची पद्धत आहे. अर्थिंगविषयीची भारतीय मानक संहिता ‘आयएस ३०४३’ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. घरगुती जोडणीत अर्थिंगचा रोध पाच ओहमच्या आत असावा, असा व्यवहारातील दंडक मानला जातो. त्याची मोजणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी. त्याच वेळी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील दाबही मोजण्यास सांगावे. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा बराच अधिक असेल, तर न्यूट्रलचा जोड सैल आहे, त्यावर अतिरिक्त भार आहे किंवा अर्थिंग सदोष आहे, यांपैकी काहीतरी संभवते.

न्यूट्रलचा मुद्दा साधा नाही. तीन फेजवरील घरांचे नेहमीचे प्रवाह न्यूट्रलमध्ये बऱ्याच अंशी परस्परांना छेदतात. तिसरे हार्मोनिक मात्र छेदले न जाता एकत्र साचते. गल्लीतील इलेक्ट्रॉनिक उपकरणे वाढली की न्यूट्रल तापतो, त्याचे जोड सैल होतात. तो तुटल्यास एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊन साधने जळू शकतात. दिवे अचानक अतिप्रखर होणे आणि शेजारच्या घरातील दिवे त्याच वेळी मंदावणे, हे त्याचे लक्षण. असे दिसताच मुख्य स्विच बंद करून वितरण यंत्रणेला कळवावे. ठरावीक मर्यादेपलीकडे दाब गेल्यास पुरवठा तोडणारे संरक्षक साधन मुख्य पेटीत बसवणे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावणे, हा कोणत्याही पॉवर कंडिशनरआधी करण्याचा खर्च आहे.

स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि इतर साधने

दाब उतरल्याने आवाजाचा दर्जा किती घसरतो? साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा पुरवठा दहा टक्क्यांनी कमी झाला, तर त्याची कमाल शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते. ऐकायला हा फरक एका डेसिबलपेक्षाही कमी आहे आणि तोही अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने वाजवला तरच. नव्या पिढीच्या अनेक साधनांतील वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान विनासायास चालतो. त्यांना तर फरकच पडत नाही. म्हणून स्टॅबिलायझरकडे उपकरणाचे आयुर्मान राखणारे साधन म्हणून पाहावे, ध्वनी सुधारणारे साधन म्हणून नव्हे. दाब वारंवार धोकादायक पातळीपर्यंत वर-खाली होत असेल, तिथे तो आवश्यकच आहे. रिले पद्धतीचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना ‘टक्’ असा झटका देतो. सर्व्हो पद्धतीचा अधिक सावकाश आणि सलग काम करतो.

वीज गेल्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टरचा परिणाम मात्र थेट कानाला जाणवतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा तरंग चौकोनी असतो आणि त्यात हार्मोनिक खच्चून भरलेले असतात. त्यावर पंखेही घुमतात आणि ट्रान्सफॉर्मरही. ध्वनियंत्रणेसाठी साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्यावा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बाहेरील गोंगाटाचा मोठा भाग अडवतो, पण दाब स्थिर करत नाही. तो बसवतानाही उपकरणाच्या पेटीचे अर्थिंग तोडायचे नसते. पावसाळ्यातील विजांपासून संरक्षणासाठी मुख्य पेटीत सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवणे हिताचे आहे. त्यातील व्हॅरिस्टर प्रत्येक मोठ्या उसळीबरोबर झिजतो, म्हणून त्याचा दर्शक दिवा अधूनमधून पाहावा लागतो. विजा जवळ कडाडत असताना वीजप्लग आणि केबलची तार दोन्ही काढून ठेवणे, याला पर्याय नाही.

महागड्या वीजवाहक केबलच्या दाव्यांकडे सावधपणे पाहावे. रोहित्रापासून सॉकेटपर्यंत कित्येक मीटर सामान्य तारेतून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये ‘शुद्ध’ होण्याचे कारण नाही. योग्य जाडीची, घट्ट बसणारी आणि अर्थिंगसह असलेली केबल पुरेशी असते. वीजवाहक आणि ध्वनिवाहक केबल एकमेकींपासून दूर ठेवाव्यात आणि त्या एकमेकींना छेदणारच असतील तर काटकोनात छेदू द्याव्यात, हा बिनखर्ची उपाय त्याहून अधिक गुणकारी आहे.

एक प्रश्न जवळपास सुटलेला

विजेच्या एका दोषातून मात्र आजचा श्रोता बहुतांशी मुक्त झाला आहे. ५० हर्ट्झ ही वारंवारता एके काळी केवळ कागदावर होती. मागणी वाढली की पश्चिम विभागीय ग्रिडची वारंवारता अनेकदा ४९ हर्ट्झच्या खाली जात असे. सिंक्रोनस मोटरवर चालणाऱ्या टर्नटेबलची गती थेट या वारंवारतेवर अवलंबून असते. ४९ हर्ट्झला तबकडी दोन टक्के मंद फिरते आणि संपूर्ण मैफल सुमारे एक तृतीयांश अर्धस्वराने उतरते. तबकडीबरोबर तानपुरा जुळवून रियाज करणाऱ्याला हा फरक चुकत नसे. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धता-आधारित वीजदर पद्धत लागू झाली. वारंवारता घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जादा वीज घेणे त्यामुळे महाग पडू लागले आणि वारंवारतेला शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची ग्रिड जोडली जाऊन देशाची एकच समकालिक ग्रिड अस्तित्वात आली. सध्या ग्रिड संहितेनुसार वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखणे अपेक्षित आहे. या पट्ट्यातील फरक स्वराला जाणवण्याइतका नसतो.

तक्रार कुठे आणि कशी?

घरातील सर्व तपासण्या करूनही दाब सातत्याने कमी-जास्त असेल, दिवे लुकलुकत असतील किंवा न्यूट्रलचा दोष मीटरच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर ती वितरण परवानाधारकाची जबाबदारी आहे. आठवडाभर दिवसातून चार-पाच वेळा दाब मोजून दिनांक व वेळेसह नोंद ठेवावी. केवळ ‘वीज खराब आहे’ या तक्रारीपेक्षा अशा नोंदीची दखल घेणे यंत्रणेला भाग पडते. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. समाधान न झाल्यास विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२ अन्वये स्थापन झालेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. विद्युत (ग्राहक हक्क) नियम २०२० मध्येही सेवेची मानके आणि ती न पाळल्यास द्यावयाच्या भरपाईची तरतूद आहे.

खर्चाचा क्रम

ध्वनियंत्रणेसाठी विजेवर खर्च करायचा झाल्यास त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम अर्थिंगची मोजणी व दुरुस्ती, आरसीसीबी आणि अतिदाबापासून संरक्षण. त्यानंतर सर्व साधने एकाच पट्टीवर घेणे, केबलची फेरमांडणी आणि सदोष रेग्युलेटर, डिमर व चार्जर बदलणे. फेरा तरीही उरल्यास ऑप्टिकल केबल किंवा आयसोलेटर. जुना अ‍ॅम्प्लिफायर घरघरत असल्यास त्याच्या कपॅसिटरची दुरुस्ती. एवढे होऊनही बाहेरील गोंगाट शिल्लक असल्याचे मोजणीतून दिसले, तरच फिल्टर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा विचार करावा. बहुसंख्य घरांत शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. आणि ज्या घरात अर्थिंगची पिन पूर्वीच काढून टाकलेली आहे, तिथे पुढची ध्वनिमुद्रिका लावण्याआधी ती पूर्ववत करणे हे पहिले काम.